हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र

पनवेलमध्ये जन्मलेल्या, मेलेल्या आणि लग्न केलेल्या निम्म्या माणसांचा पुरावा माझ्या वहिनीच्या हातून गेलेला आहे, आणि उरलेल्या निम्म्यांची कागदपत्रं अपुरी आहेत, असं तिचं स्पष्ट मत आहे. तहसील कचेरीसमोर तिचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन मशिनं, एक स्टूल आणि बाकी सगळी वहिनी. माझा थोरला भाऊ अचानक गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा वहिनी एक्केचाळीस वर्षांची होती. तिने हे दुकान टाकलं तेव्हा आम्ही म्हटलं, बरं झालं, बिचारीचा वेळ जाईल. वेळ आमचा गेला. कारण त्या दिवसापासून आमच्या घरात तोंडी काही चालेनासं झालं. ती पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी जिन्यातून जाताना सहज म्हणावं, "वहिनी, लाइटबिल भरलं हं," तर ती तोंडाने "बरं" म्हणे आणि डोळ्यांनी पावती मागे. मी चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, मला डोळ्यांतलं कळतं. मी निमूट वर जाऊन पावती घेऊन येत असे.

जगातली कुठलीही चांगली गोष्ट प्लॅस्टिकमध्ये घालून गरम रोलरखालून काढली की अमर होते, यावर तिची श्रद्धा. सोसायटीची नोटीस, डॉक्टरची चिठ्ठी, माझ्या बायकोच्या हातची पुरणपोळीची कृती, सगळं तिने लॅमिनेट करून टाकलं. माझं दहावीचं गुणपत्रक मी मुद्दाम ओल आलेल्या भिंतीला लागून ठेवलं होतं, ते तिने शोधून काढलं आणि वाढदिवसाला मला लॅमिनेट करून भेट दिलं. त्या गणिताच्या मार्कांना आता मरण नाही. विचुंब्याचे एक म्हातारे शेतकरी त्यांचा जुना सातबारा घेऊन आले होते. जमीन केव्हाच बिल्डरकडे गेलेली, तिच्यावर सात मजले उभे. मी तिथेच होतो, मी म्हटलं, बाबा, आता याचं काय करायचं? तर ते म्हणाले, "जमीन नाय रायली, पन कागुद तरी हाय." वहिनीने तो सातबारा असा काही लॅमिनेट केला की एक बुडबुडा राहिला नाही, आणि मला आठवडाभर ऐकवलं की बघा, याला म्हणतात समज असलेला माणूस.

कुणाकडे माणूस गेला की लोक रडायला जातात, वहिनी अर्ज घेऊन जायची. डोळे पुसत पुसत त्या घरच्या मुलाला बाजूला घ्यायची आणि सांगायची, "दाखल्याच्या दहा मूळ प्रती घेऊन ठेव बाळा. आत्ता नको वाटेल, नंतर लागतात." आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. महिन्याभराने तीच माणसं पेढे घेऊन दुकानात यायची, कारण पेन्शन, बँक, विमा सगळं सुरळीत झालेलं असायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज ती स्वतः भरायची आणि अंगठा घेताना दम द्यायची, की अंगठा कागदावर द्यायचा, टेबलावर नाही. आता अशा बाईकडून माणसाला धक्का बसेल असं काही होईल, असं कुणाला वाटेल का? मला तरी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी पोहे खात होतो, तेव्हा ती वर आली आणि तिने माझ्या ताटाशेजारी एक यादी ठेवली. वर लिहिलं होतं, तुमची प्रत.

मी चष्मा लावून वाचली. जन्मदाखला, मंत्रालयातून साक्षांकित करून, वर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारतात तो शिक्का. पासपोर्टची प्रत. मयत पतीचा मृत्यू दाखला, त्यावरही तसंच अपोस्टिल. पुनर्विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचं प्रतिज्ञापत्र, साक्षीदार मयत पतीचा भाऊ. सगळ्याचं पोर्तुगीज भाषांतर. सगळे शिक्के सहा महिन्यांच्या आतले. मला वाटलं गिऱ्हाइकाचं काम आहे. मी म्हटलं, "कुणाचं गं हे?" ती म्हणाली, "माझं." पोह्यातला शेंगदाणा माझ्या घशात असा अडकला की बायकोला पाठीत धपाटे घालावे लागले. शेंगदाणा खाली गेल्यावर मी बायकोकडे बघितलं, की हिलाही धक्का बसला असेल. तर ती शांतपणे म्हणाली, "मला आठ महिन्यांपासून माहीत आहे. अख्ख्या आळीला माहीत आहे. तुमच्याच दुकानासमोरून दोघं रोज चहाला जायची."

गृहस्थ पोर्तुगालचे. उरणकडे बंदराच्या कामावर इंजिनियर म्हणून आले होते, वय त्रेसष्ट, बायको वारलेली. राहण्याच्या परवान्यासाठी झेरॉक्स काढायला वहिनीच्या दुकानात आले. पुढचं वहिनीच्याच शब्दांत सांगतो. "भाऊजी, त्यांनी फोल्डर उघडला तर सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. सगळ्या कडा एका रेषेत. आणि एकाही कागदाला घडी नाही." मी म्हटलं, "अगं, एवढ्यावर कोणी लग्न करतं का?" ती म्हणाली, "लोक याहून कमी बघून करतात." ते खरंच होतं, मी स्वतः अर्ध्या तासाचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम बघून केलेलं आहे. दोघं बोलायची इंग्रजीत. वहिनीचं इंग्रजी सगळं अर्जांमधून शिकलेलं. ती त्यांना बशीत बिस्किटं देताना 'काइंडली अ‍ॅक्सेप्ट' म्हणायची, आणि ते बिचारे उभे राहून घ्यायचे. काम संपलं तसे ते परत गेले. तिकडे त्यांची नव्वदीची आई, तिला प्रवास झेपत नाही आणि लग्न डोळ्यांनी बघायचंय. म्हणून लग्न तिकडे. तिथल्या विवाह नोंदणी कचेरीने तारीखही दिली होती. त्या तारखेच्या आधी हे सगळे कागद तिकडे पोचायला हवे होते.

खरं सांगतो, मी अकरा दिवस त्या प्रतिज्ञापत्राचा विषय टाळला. आज डोकं दुखतंय, उद्या अमावस्या आहे, परवा दुकानात माल येणार आहे. वकिलाने तिला सांगितलं होतं की साक्षीदार कोणीही जवळचा चालेल, तिचा आपटा गावचा मामेभाऊ आहे, तो एका पायावर तयार होता. मी म्हटलं, मग घे की त्याची सही. ती म्हणाली, "कायद्याला चालेल. मला नाही चालणार." आणि खाली निघून गेली. मला राग आला होता. कशाचा ते मला धड सांगता येत नव्हतं. लोक काय म्हणतील हे तर होतंच, पण त्याच्याखाली दुसरं होतं. मला वाटत होतं की मी सही केली म्हणजे माझा भाऊ दुसऱ्यांदा गेला. आणि हे बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी अमावस्या सांगत होतो.

मधल्या काळात वहिनी बाकीचे कागद घेऊन मुंबईला मंत्रालयात गेली आणि संध्याकाळी परत आली ती सरळ आपल्या घरात शिरली. थोड्या वेळाने इस्त्रीचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास वर आला. आम्ही दोघं धावत खाली गेलो. वहिनी जमिनीवर बसली होती, पुढ्यात माझ्या भावाचा मृत्यू दाखला. तो लॅमिनेट केलेला होता. दुकानात मशीन आलं त्या दिवशी सगळ्यात पहिला कागद तिने तोच घातला होता, आणि मंत्रालयातल्या खिडकीवर तिला सांगितलं गेलं की लॅमिनेशनवर शिक्का उमटत नाही, हा कागद चालणार नाही. जगाला दहा मूळ प्रती घ्यायला लावणाऱ्या बाईकडे स्वतःची ही एकच उरली होती, बाकीच्या पेन्शनला आणि बँकेला गेलेल्या. तिने इस्त्रीने प्लॅस्टिक सोडवायला बघितलं, तर वरच्या थराबरोबर अक्षरंही उचलून आली. भावाचं नाव प्लॅस्टिकला चिकटलं होतं आणि खाली कागद कोरा. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. म्हटलं, त्यात काय, नवीन प्रत मिळते, तूच तर लोकांना काढून देतेस. ती म्हणाली, "लोकांची काढून देते, भाऊजी. ह्यांच्या दाखल्यासाठी पालिकेच्या खिडकीशी मी एकदा उभी राहिलेय. परत नाही जमणार. एवढं एक तुम्ही आणा."

दुसऱ्या दिवशी मी पालिकेत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला, मी भावाचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. बाईंनी विचारलं, "मृत्यूची तारीख?" मी म्हटलं, "कार्तिक वद्य षष्ठी." मी दर वर्षी त्याचं श्राद्ध करतो, पितृपक्षात षष्ठीला पान ठेवतो, कधी चुकलेलं नाही. बाई म्हणाल्या, "काका, षष्ठी कॉम्प्युटरमध्ये जात नाही. तारीख सांगा." तारीख मला माहीत नव्हती. माझ्या मागे रांग होती आणि मला सख्ख्या भावाची तारीख माहीत नव्हती. "कोण तुमचे?" बाईंनी विचारलं. "भाऊ," मी म्हटलं, आणि माझे कान गरम झाले. बाजूला होऊन वहिनीला फोन लावला. तिने एक क्षणही न थांबता तारीख सांगितली, वेळ सांगितली, दवाखान्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "नोंदणी क्रमांक पण लिहून घ्या, लवकर सापडेल." तोही तोंडपाठ.

मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. तो गेला त्या दिवशी मी घरात डोकं धरून रडत होतो, चार माणसं मला सावरत होती, आणि ही बाई एकटी त्या खिडकीशी उभी होती. त्यानंतर एकोणीस वर्षं जिथे जिथे भाऊ मेला हे सिद्ध करायचं होतं, तिथे तिथे ती गेली. आम्ही कोणी गेलो नाही. आम्ही तिथी पाळली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दाखला हातात आला तसा मी सरळ तिच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, चल, नोटरीकडे. नोटरी तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसतात, वहिनीला एकोणीस वर्षं ओळखतात. त्यांनी प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचायला घेतलं. मी अमुक, वय अमुक, मयत पतीचा सख्खा भाऊ, शपथेवर सांगतो की सदर महिलेने पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेला नाही, आणि सदर महिलेच्या विवाहास माझी व माझ्या कुटुंबीयांची कोणतीही हरकत नाही. मी म्हटलं, "थांबा. हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही."

वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नोटरींनी चष्मा कपाळावर चढवला. वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, तारीख जवळ आलीय." मी म्हटलं, "हरकत नाही म्हणजे काय? हरकत घेणारा मी कोण लागून गेलोय? मला आनंद आहे, असं लिहा." नोटरी म्हणाले, "अहो, प्रतिज्ञापत्रात आनंद लिहीत नाहीत." मी म्हटलं, "का नाही? शपथेवर सांगतोय. पाहिजे तर वेगळा स्टॅम्पपेपर घ्या." नोटरी म्हणाले, "तिकडे गोंधळ उडेल. कागद परत येईल. मग लग्न राहील बाजूला." मी ऐकेना. माझा आवाज चढला होता, आवारातली माणसं बघायला लागली होती. शेवटी वहिनीने माझ्या हातावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "नियमात बसत नाही, भाऊजी. करा सही." मी केली. सही वाकडी आली, आणि एरवी वाकडी सही बघून दुसरा कागद काढायला लावणाऱ्या वहिनीने तोच कागद फोल्डरमध्ये घातला.

कागद वेळेत पोचले. वहिनी गेली, लग्न झालं. आम्हाला तारीख माहीत होती, मी ती या वेळी आकड्यांत लिहून ठेवली होती. त्या दिवशी दुपारी मी दुकानात एका बाईंच्या डोळ्यांचा नंबर तपासत होतो तेव्हा फोन आला. वहिनीचा आवाज जरा बसलेला. म्हणाली, "कचेरीतल्या बाईंनी सगळे कागद एकेक करून वाचून दाखवले, तशी तिकडची पद्धत आहे. तुमचंही वाचलं, त्यांच्या भाषेत. शेजारी दुभाषी होता, तो मला इंग्रजीत सांगत होता. कोणतीही हरकत नाही, इथपर्यंत आल्या आणि पान उलटायला लागल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, याच्यापुढे अजून एक वाक्य आहे, लिहायचं राहिलंय. आणि सांगितलं."

मी विचारलं, "मग? लिहून घेतलं त्यांनी?"

"नाही," वहिनी म्हणाली. "नियमात बसत नाही. पण खुर्चीतून उठून ऐकलं."

समोरच्या बाईंनी मला विचारलं, काही वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही हो, घरातलं लग्न होतं. आणि त्यांना समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली, तर त्या काय वाचतायत ते मलाच दिसेना. वहिनी इथे नाही याचं मला फार वाईट वाटतं. तरी नोटरींच्या टेबलाशी मी जे लिहा म्हटलं होतं, ते आजही तसंच्या तसं खरं आहे.