ताईने लपवलेली सूज

रक्ताचा कॅन्सर ताईला दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेहमीची औषधं करून झाली. एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. यायचं का, ते तुम्ही ठरवा."

ताई टोकावड्याजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवते. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. थकव्याने तिला अक्षरं धूसर दिसत, म्हणून संमतीपत्र मी वाचून दाखवलं. 'सर्व दुष्परिणाम अद्याप माहीत नाहीत' या ओळीवर मी थांबलो.

"वाच ना रे, थांबलास का?" ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

पहिले काही दिवस दवाखान्यात काढून आम्ही घरी आलो. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, मग ताप आणि वजन वहीत लिहायचं. लिहायची तीच. ती गोळी गिळताना मी नुसता तिच्या गळ्याकडे बघत राहायचो. गोळी आत जाऊन काय करणार, हे अजून कुणालाच पुरतं ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिचा पाय चपलेत जाईना. दोन्ही पाय सुजलेले. ओट्याची एक पायरी चढताना धाप लागली. मी वही उघडली. अंगात पाणी साठलं की वजन वाढतं, असं दवाखान्यात सांगितलं होतं; वहीत मात्र आठ दिवस वजनाचा तोच एक आकडा.

"ताई, खोटं लिहिलंस?"

"दवाखान्यात फोन नको करू. कळलं तर चाचणीतून काढतील मला. मंग दुसरं काय हाय आपल्याकडं? काय नाय."

मी फोन धरून उभा राहिलो. तिचं म्हणणं खरं निघालं, तर तिची शेवटची गोळी मीच हिरावणार होतो. पण ओट्यावरचा तिचा श्वास मला अंगणापर्यंत ऐकू येत होता. मी नंबर लावला.

"लगेच निघा," पलीकडून सिस्टर म्हणाल्या. "वाटेत कुठे थांबू नका."

मुरबाड गेलं, कल्याण गेलं. गाडीत तिने माझा हात झटकून टाकला.

फुप्फुसात पाणी झालं होतं. गोळी काम करू लागली की कधीकधी असं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. त्यांनी गोळी थांबवली, उपचार केले आणि सूज उतरल्यावर पुन्हा सुरू केली. चाचणीतून काढलं नाही. ते ऐकून ताई भिंतीकडे तोंड करून रडली.

पुढच्या तपासणीत वाईट पेशी पुष्कळ कमी झालेल्या दिसल्या. ती परत अंगणवाडीत जाते. पण रिपोर्टच्या दिवशी आम्ही दवाखान्यातल्या बाकावर बसतो, आणि आतून हाक आली की ती माझं मनगट दुखेपर्यंत धरते.