नाडी नसलेल्या माणसाचं नाम

पंचफुलाबाईंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. केळापूरला देवीच्या देवळाबाहेर त्यांचं चहाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, एक भट्टी आणि बसायला बाकडं. आज मी हे लिहितोय, डाव्या हाताने आणि वेडंवाकडं का होईना, ते त्यांच्यामुळे. देवीमुळे की त्यांच्यामुळे, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. माझं शिक्षण आठवीपर्यंतच झालंय. जसं घडलं तसं सांगतो.

मी मूळचा जतकडचा. शाळा सुटली ती सुटलीच, पुण्याला एका वर्कशॉपात मोटारी भरायला लागलो. जळलेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवीन तांब्याची तार गुंडाळून ती पुन्हा फिरती करायची, हे माझं काम. आईने लहानपणी एक सवय लावली होती. छातीवर हात ठेवायचा, आतली धडधड लागली की तिच्यावर नाम ठेवायचं. एक ठोका, एक ‘जगदंब’. ती म्हणायची, माळ हरवते, ही हरवत नाही. तार गुंडाळतानासुद्धा माझं आत ते चालू असायचं. दुसरी पूजाअर्चा मला कधी जमली नाही.

मग हृदयच थकलं. सुजून मोठं झालं, दोन पायऱ्या चढलो तरी धाप लागायची. पोरगा आणि वर्कशॉपचे मालक, दोघांनी पुढे होऊन सगळं केलं आणि डॉक्टरांनी माझ्या छातीत एक यंत्र बसवलं. रक्त ढकलणारा पंपच तो. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि एका डब्याला जोडलेली असते, डब्याला बॅटऱ्या, आणि ते सगळं खांद्यावरच्या बॅगेत. वायर निघाली किंवा बॅटरी संपली तर पंप थांबणार. जन्मभर मोटारी भरल्या आणि शेवटी स्वतःच एका मोटारीवर चालू लागलो, असं लोकांना हसत सांगायचो. आतून मात्र हसू येत नव्हतं. कारण हा पंप ठोके देत नाही, तो एकसारखा फिरतो. माझ्या मनगटाला नाडी लागत नाही. शुद्धीवर आल्यावर सवयीने छातीवर हात ठेवला तर तिथे धडधड नव्हतीच. आता नाम ठेवायचं कुठे? देवी माझ्यावर रुसली असं वाटलं नाही. तिच्याशी बोलायची जागाच कुणीतरी काढून नेली, असं वाटलं. त्या दिवसापासून माझं नाम थांबलं.

पुढचे महिने भीतीतच गेले. रक्त फार पातळ झालं तर कुठूनही वाहतं, घट्ट झालं तर यंत्रात गुठळी धरते आणि सुटली तर थेट मेंदूत जाते. डॉक्टरांनी हे नीट समजावलं होतं, काही लपवलं नव्हतं. पातळ करायची गोळी रोज घ्यायची, तपासणी करत राहायची, आणि हिरव्या पालेभाज्या रोज ठरल्या तेवढ्याच खायच्या, कारण त्यांनी रक्त घट्ट होतं. एकदा नाकातून रक्त थांबेना म्हणून ॲडमिट झालो. एकदा पोटातून वायर निघते तिथे पू धरला. पंप चालू असला की बॅगेतल्या डब्यावर हिरवा दिवा लागतो, तो सारखा बघायचा, झोपताना बघायचा, उठल्यावर बघायचा. बायको आधीच गेलेली, पोरगा दिवसभर कामावर. एकट्याला ठेवायची कुणाची छाती होईना, म्हणून लेकीने, सुषमाने, मला मारेगावला आपल्या घरी आणलं. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मानणारा माझा बाप होता. मी तिथे पाहुण्यासारखा अंग चोरून राहायचो. बाहेर पडताना बॅगेवर शाल टाकायचो. कुणी विचारलं तर औषधं आहेत म्हणायचो.

भाद्रपदात सुषमाच्या सासरी महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडच्या गौरींपेक्षा इकडचा थाट वेगळा. पुरण, आंबील, कढी, आणि सोळा भाज्यांची एक भाजी. त्यात अंबाडी, पालक, चवळीचा पाला, शेतातून आलेला जो जो हिरवा पाला असेल तो. माझ्या पानात ती घेऊन विहीणबाई आल्या. मी हात आडवा केला, तर त्या म्हणाल्या, “इवाईबुवा, हे काई रोजचं जेवण नाई, प्रसाद हाय. प्रसाद कोणाले बाधते का?” एवढ्या मायेने म्हणाल्या की पथ्याचं काही न सांगताच मी हात काढून घेतला. मग शेजारी बोलावणं, मग त्यांच्या भावकीत बोलावणं. दूरदेशचा पाहुणा म्हणून सगळीकडे पहिलं पान माझं, आणि सगळीकडे तीच भाजी, आग्रहाने दोनदा वाढलेली. त्या घरांत कित्येक महिन्यांनी मला कुणी आजारी माणसासारखं वागवलं नाही. यात कुणाचा दोष आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

काही दिवसांनी विहीणबाईंना ओटी भरायला केळापूरला जायचं होतं. जावईबापूंनी गाडी काढली, मीही निघालो. देवळाबाहेर रांग लांब होती. गर्दीत कुणाचा हात वायरीला लागेल म्हणून सुषमाने मला पंचफुलाबाईंच्या बाकड्यावर बसवलं आणि सगळे आत गेले. बाई भट्टीला पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. कोपऱ्यात एक ब्लोअर धूळ खात पडला होता. मी न राहवून विचारलं, “जळला का हो?”

“जयला नं जी. आता मीच त्याची मोटार झाली,” म्हणाल्या. मग माझ्या शालीकडे पाहून, “आन् तुमी एवढ्या उन्हात शाल काहून पांघरली? सोनं लपवून राह्यले का आत?”

का कोण जाणे, मी शाल बाजूला केली. ज्यांच्याकडे पहिलं पान मिळालं त्या घरांतही जे सांगितलं नव्हतं, ते या अनोळखी बाईला सांगितलं. छातीत मोटार आहे, तिची लाइट या बॅगेत आहे, आणि मला नाडी नाही.

“खोटं! मले येडी समजून राह्यले का?”

मी हात पुढे केला. त्यांनी चाचपडत बोटं दाबली, एकदा, दोनदा, आणि एकदम हात सोडून मागे सरकल्या. “मायबाई! तुमी तं भूत हाय!” आणि पदराने तोंड पुसत हसायला लागल्या. मीही हसलो. मोटार बरी आहे की नाही ते आम्ही कसं ओळखायचो, तेही सांगितलं. पेचकसाचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आतला आवाज एकसारखा असला की मोटार चांगली. त्यांनी विचारलं, “मंग तुमच्या मोटारीले कोण कान लावते?” मी म्हणालो, डॉक्टर. त्यांचा ब्लोअर उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं, वाइंडिंग गेलंय, तार आणून मी भरून देतो. “देवीच्या दारात शब्द देऊन राह्यले, पाहा बरं!” त्या म्हणाल्या. मी विचारलं, देवीला जाता का रोज? “मी जयभीमवाली जी. तिच्या दारात चहा इकते, एवढं हाय. आमची दोस्ती हाय. ती मले गिऱ्हाईक पाठवते, मी तिच्या लोकाईले चहा पाजते.”

चहाचा ग्लास हातात घेतला आणि तो हातातून गेला. निसटला नाही, हातच निघून गेल्यासारखा झाला. माफ करा म्हणायला गेलो तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता घोगरा आवाज आला. उजवी बाजू बाकड्यावरून खाली ओढल्यासारखी झाली. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. मी आत होतो, पण दार बाहेरून लावलं होतं.

लोक धावले. पंचफुलाबाई तेवढ्यात पाण्याची कळशी आणायला बाजूला गेल्या होत्या. देवळात पोथी वाचणारे एक म्हातारबाबा आले, त्यांनी माझं मनगट धरलं, मान धरली आणि हळूच म्हणाले, “गेले. नाडी सुटली.” त्या आवाजात खरं दुःख होतं. मग त्या भल्या लोकांनी जे करायचं तेच केलं. माणूस जाताना बाकड्यावर असू नये, भुईवर असावा, म्हणून मला उचलून जमिनीवर निजवलं. कुणीतरी तीर्थ आणायला धावलं. आणि कुणीतरी म्हणालं, “ते ओझं काढा त्याईच्या खांद्यावरचं. मोकळं जाऊ द्या.” एका हाताने बॅगेचा पट्टा माझ्या खांद्यावरून उतरवला. पोटातली वायर ताणली गेली, ते मला जाणवलं. मला ओरडता येईना. आयुष्यात कधी इतका असहाय्य नव्हतो. मनात फक्त एवढंच आलं, आता तू बघ. कुणाला म्हणालो, तेही ठरवलं नव्हतं.

आणि पंचफुलाबाईंचा आवाज आला. “हात लावू नका त्या बॅगले! सोडा म्हंते नं!” कळशी तिथेच टाकून त्या आल्या, बॅग हिसकून घेतली आणि मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसल्या. “माणूस जित्ता हाय. त्याच्या छातीत मोटार हाय, तिची लाइट याच्यात हाय.”

“बाई, नाडी नाही त्यांना,” म्हातारबाबा समजुतीने म्हणाले.

“नसतेच त्याईले! आताच मले दाखोली. आन् ते तीर्थ मांगं घ्या, तोंडात काई टाकू नका. तोंड वाकडं झालं, दिसत नाई का? माह्या सासूले लकवा झालता, तिच्या घशात पाणी अटकलतं. चूप राहा सगळे! घंटा वाजवू नका रे!”

त्यांनी वाकून कान माझ्या छातीवर टेकवला. त्यांच्या केसांना धुराचा वास होता. “चालू हाय,” त्या म्हणाल्या. “भुंगा गुणगुणते तशी. एकसारखी. या, आयका.” म्हातारबाबा खाली बसले, टोपी काढली आणि त्यांनीही कान लावला. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. मग त्यांच्या तोंडातून आपसूक निघालं, “जगदंब.” अगदी माझ्या छातीवर, जिथे आईने माझा हात ठेवला होता तिथे.

“देवीचं नाव मंग घ्या बाबाजी, आधी याईच्या पोरीले बलावा!” पंचफुलाबाई ओरडल्या.

सुषमा रांगेतून धावत आली. पुण्याच्या डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी कुठेही न थांबता नागपूर गाठायला सांगितलं आणि तिथल्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलले. गाडीत मला ठेवेपर्यंत पंचफुलाबाईंनी बॅग सोडली नाही. दुकान उघडं टाकून त्या गाडीपर्यंत आल्या. नागपूरला जांघेतून बारीक नळी घालून मेंदूतली गुठळी ओढून काढली. रक्त घट्ट झालेलं निघालं. विहीणबाई रडायला लागल्या, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, हे यंत्र असलेल्याला सगळं पथ्य पाळूनही असं होऊ शकतं, कुणी मनाला लावून घेऊ नका. वायर निघाली असती किंवा तीर्थ फुप्फुसात गेलं असतं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

बोलणं परत यायला वेळ लागला. मला वाटलं होतं पहिला शब्द देवीचा येईल. आला तो “चहा.” सुषमा हसली आणि मग माझ्या उशीवर डोकं ठेवून रडली. आता मी बोलतो, अडखळत का होईना. चालतोही, काठी घेऊन. हिरवी भाजी सुषमा वाटीने मोजूनच वाढते, आणि विहीणबाई आता त्या वाटीवर तिच्यापेक्षा कडक नजर ठेवतात. भीती गेली असं म्हणणार नाही. गुठळी पुन्हा होऊ शकते, रक्त पुन्हा वाहू शकतं. पण बॅगेतला दिवा मी आता सारखा बघत नाही.

नाम पुन्हा सुरू झालंय. छातीवर हात ठेवतो. ठोका अजूनही लागत नाही, लागणारही नाही. इतकी वर्षं मी एक ठोका, एक नाम असं करत होतो, म्हणजे दोन नामांच्या मध्ये थोडी रिकामी जागा राहत होती. आता जे आत चालू आहे ते मध्ये थांबतच नाही. मग मी म्हणत नाही, नुसता ऐकत बसतो. चालवणारा मी नाही, हे कळायला मला आधी सगळं हातातून सुटावं लागलं. ज्या घरांत मी सगळं लपवलं तिथे नाही, एका चहाच्या बाकड्यावर मी मोकळा झालो, आणि तेच तिथे कामी आलं. ते मला कुणी बोलायला लावलं, हे मी शोधायला जात नाही.

मध्यंतरी सुषमा नवा ब्लोअर घेऊन केळापूरला गेली होती. पंचफुलाबाईंनी घेतला नाही. म्हणाल्या, “वापस न्या. मोटारवाल्यानं देवीच्या दारात शब्द देलता, त्याईलेच येऊ द्या. मी तवरीक पुठ्ठ्यानं वारा घालते.” जुना ब्लोअर मात्र त्यांनी फडक्यात बांधून दिला. तो आता माझ्या खाटेजवळ आहे, उघडून ठेवलाय. उजव्या हाताची बोटं अजून तार धरत नाहीत, पण परवा अंगठा थोडा वळला. पंचफुलाबाई, तुमचे उपकार फेडण्याएवढं माझ्याजवळ दुसरं काही नाही. ही तार मी माझ्याच हाताने भरणार, जितके दिवस लागतील तितके लागोत. आणि घेऊन येईन तेव्हा कान तुम्ही लावायचा.