एक्सपोर्टच्या बागेतलं कुलूप

भात झोडून झालं की भीमाशंकरकडच्या आमच्या गावात हाताला काम उरायचं नाही. मग मी आणि आई खाली येडगावकडं द्राक्षांच्या बागेत जायचो. बाग एक्सपोर्टची, परदेशात माल जायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. आमचं काम विरळणीचं. घडातले जादा मणी बारीक कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले टपोरे होतात. दिवसभर मांडवाखाली हात वर. संध्याकाळी भाकरी मोडायलाही बोटं वळायची नाहीत.

हातांचं जाऊ द्या. खरा छळ लघवीचा. बागेत आडोसा कसला? गडीमाणसं सारखी इकडून तिकडं. शेजारी ऊस होता, पण उसात बिबट्या. त्यानं वस्तीवरची शेळी उचलल्यापासून तिकडं कुणी एकटं फिरकत नव्हतं. मग आम्ही बायकांनी आपला उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. सकाळी चूळ भरायची तेवढीच. आईला जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप यायला लागला. मंचरच्या डॉक्टरांनी बजावलं, पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका, नाहीतर किडनीवर जाईल. आई 'बरं' म्हणाली. बरं म्हणायला काय जातंय?

आणि एक दिवस शेठनं बागेच्या कडेला चक्क संडास बांधायला घेतला. पांढऱ्या फरशा, नळ, साबण, दारावर बाईचं चित्र. आई कसली हरखली! "देव पावला गं," म्हणाली. बांधून झाला आणि मुकादमानं दाराला कुलूप ठोकलं.

"तपासणी हाय," तो म्हणाला. "मजुरांना नीट ठेवत्यात का न्हाई ते बघाय परदेशी माल घेनाऱ्यांची मानसं येनारेत. तवर कुनी घान करायची न्हाई."

घ्या! मजुरांसाठी संडास, आणि मजूर आत गेले तर घाण.

तपासणीच्या दिवशी कुलूप निघालं. आम्हाला हातमोजे मिळाले, टोप्या मिळाल्या. हत्तीचे दाखवायचे दात, दुसरं काय. आई सकाळपासून कळ दाबून उभी होती. शेवटी मुकादमाकडं गेली. "भाऊ, उगाडलंच हाय तर जाऊन येऊ का?"

"मावशे, दम धर की जरा. फरशी वली दिसंल."

गाडीतून एक बाई उतरल्या. शहरातल्या, बोलायला गोड. संडासात डोकावून खूश झाल्या आणि नेमक्या आईकडं वळल्या. "मावशी, रोज वापरता ना तुम्ही हे?"

शेठ मागंच उभा. मी मनात म्हणत होते, बोल आये, आता तरी बोल. पण बाग नापास झाली तर उद्या सगळ्या बायका घरी, आणि खापर हिच्या डोक्यावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"व्हय," आई म्हणाली. "लई सोय झाली."

बाईंनी आपली पाण्याची बाटली पुढं केली. "घ्या, ऊन किती आहे."

"न्हाई बाई, तहान न्हाई."

गाडी गेली. हातमोजे आणि टोप्या गोळा झाल्या, दाराला कुलूप लागलं, चावी शेठच्या खिशात. बाग पास झाली म्हणून पेढे वाटले. आईनं तिचा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि बिबट्याची पर्वा न करता तशीच उसात शिरली. मला असा संताप आला होता की तो पेढा मी बांधावर फेकून दिला.

पुढचे कितीतरी हंगाम आम्ही त्याच बागेत गेलो. दुसरीकडं तरी काय वेगळं होतं? कुलूप तपासणीपुरतं निघायचं. आईचे पाय सुजायला लागले, मग तोंड. डॉक्टरांनी या खेपेला उलटंच सांगितलं. किडन्या गेल्या, पाणी अंगातच साठतंय, आता घोटभरच द्या. जिनं उभा जन्म तहान मारली, तिला!

पुढं सरकारी योजनेतून आमच्या घरामागं संडास झाला. आईला धरून दाखवायला नेलं. दारापाशी ती थबकली.

"चावी कुनाकडं हाय?"

"कुनाकडंच न्हाई, आये. आपलाच हाय."

ती आत गेली. मी बाहेर बराच वेळ उभी. मग भिंतीचा आधार घेत ती बाहेर आली.

"काय आलंच न्हाई गं," म्हणाली.