पाण्याकडे तोंड केलेली खुर्ची

नोव्हेंबरमध्ये माझा नवरा प्रसाद ऑफिसात कोसळला आणि घरी आला नाही.

आज सायकलचा पंप शोधायला तळघरातली खोली उघडली, तर त्याच्या डायव्हिंग सूटच्या रबराचा वास आला. त्यात अजून थोडं समुद्राचं खारेपण होतं. आणि इथल्याच, लायडन शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ आठवली. बाहेर अंधारलेलं, गॅसवर कुकर, टेबलावर लॅपटॉप. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर जायचं ठरलं होतं. राहायचं कुठे, ते ठरत नव्हतं.

"हे बघ, दारातून थेट पाण्यात उतरता येतं," तो म्हणाला.

"आणि तू खाली गेलास की मी काय करू? भिंत बघत बसू?" मला पोहताही येत नाही.

त्यानंतर तो प्रत्येक घराचा फक्त व्हरांडा पाहत राहिला. शेवटी एका फोटोत पाण्याकडे तोंड केलेली खुर्ची दिसली.

"हेच घेऊ, बाईसाहेब. वर आलो की आधी तू दिसायला हवीस."

तेव्हा वाटलं, माझा हट्ट पुरवतोय. आता कळतं, ती खुर्ची त्यालाही हवी होती. तिथे मी रोज तिच्यात बसले, आणि तो रोज वर आला.

सूट मी बाल्कनीत टांगला आहे. खाली कालवा आहे. मी खुर्ची घेऊन बसले आहे.