पायपेटीची फाइल

अंबादास टाकळकरांकडे चहाला गेलं की पहिला प्रश्न येतो, "घेणार ना?" दुसरा, "साखर किती?" तिसरा, "आत्ता, की थोड्या वेळाने?" चौथ्या प्रश्नापर्यंत त्यांच्या बायकोने, म्हणजे विजयाने, चहा आणून ठेवलेला असतो. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये मी त्यांच्या खालच्या क्वार्टरमध्ये अठरा वर्षं राहते आहे, तेव्हा हे ऐकीव नाही.

टाकळकर एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. त्यांच्यापाशी आलेली फाइल क्वेरी घेतल्याशिवाय परत जात नाही. तारीख कोणती, सही कुणाची, जोडपत्र कुठे आहे? ऑफिसात त्यांना मागून 'क्वेरीसाब' म्हणतात आणि पुढूनही म्हणतात, कारण त्यांना ते आवडतं. घरातही तीच तऱ्हा. फ्रिज बदलायचा तर तीन कोटेशनं हवीत. दोन आली, आणि तिसऱ्याची वाट बघण्यात दिल्लीचे दोन उन्हाळे गेले. ते दोन्ही उन्हाळे विजयाचं दूध माझ्या फ्रिजमध्ये होतं, आणि माझ्या फ्रिजमध्ये जागा नव्हती.

विजया मूळची सांगलीची. तिचे वडील नाटकांना पायपेटीची साथ करायचे. पायपेटीचा भाता पायांनी मारायचा असतो, त्यामुळे दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. विजया लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून शिकली, आणि लग्न होऊन दिल्लीला आली ती पेटी नाही, काही नाही, फक्त दोन सुटकेसा घेऊन. "पायपेटी घेऊ," असं टाकळकर तेव्हाच म्हणाले होते. त्या प्रस्तावाला आता एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात विजयाने दर दिवाळीला निम्म्या सेक्टरचा फराळ करून दिला आणि ते पैसे वेगळे ठेवले. तिच्या गुडघ्यांना आता चकल्या झेपत नाहीत. ते पैसे पायपेटीचे होते आणि पुन्हा तेवढे साठणार नव्हते, हे ती मला स्वच्छ सांगायची.

मार्चमध्ये जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर तिला हवी तशी पायपेटी दिसली. हिरवळीवर ठेवलेली, नव्या नवरीसारखी चकचकीत, आणि किंमत निम्मी. विकणारा स्वतःला लष्करातला मेजर म्हणवत होता, मुक्काम देहरादून. खाली लिहिलं होतं, 'ट्रान्स्फर झाली आहे, तातडीने विकणे आहे.'

आता 'ट्रान्स्फर' हा शब्द आम्हा सरकारी वसाहतवाल्यांचं मर्म आहे. एप्रिल-मे आला की कुणाची तरी बदली होते आणि त्याचं कपाट आपल्या घरी येतं. माझं डायनिंग टेबल एका ओडिया जॉइंट डायरेक्टरचं आहे, कूलर एका तमिळ बाईंचा. ट्रान्स्फरवाला माणूस खोटं बोलेल, हे आमच्या डोक्यात येतच नाही. दुसरा कुणी असता तर मीही दहादा विचार केला असता.

मेजरसाहेबांनी सुचवलं की पैसे थेट त्यांना देऊच नयेत. 'विश्वास एस्क्रो' नावाची एक कंपनी आहे. पैसे तिच्याकडे ठेवायचे. पेटी घरी पोचली, पसंत पडली, की मगच कंपनी ते त्यांना देणार. टाकळकर हे वाचून खूश होऊन खुर्चीतून उठले. त्यातच कंपनीचं पत्र आलं. वर विषय, खाली संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक आणि शेवटी 'प्रत माहितीसाठी'. ते पत्र घेऊन टाकळकर जिना उतरून माझ्याकडे आले.

"साधनाताई, हा ड्राफ्ट बघा. स्वल्पविराम बघा! माझ्या सेक्शनमध्ये असा ड्राफ्ट एकालाही जमत नाही."

मी पत्राऐवजी वेबसाइट बघितली. ती उघडून नऊच दिवस झाले होते. असं बघता येतं, माझ्या भाचीने मला शिकवलंय. पैसे भरायचं खातं कंपनीच्या नावावर नव्हतं, कुणा एका माणसाच्या नावावर होतं. आणि ही कंपनी शोधून कुणी दिली? विकणाऱ्यानेच. चोरानेच चौकीदार आणून दिला तर चौकीदार कुणाचा? मी हे सगळं बोलले, जरा चढ्या आवाजातच बोलले.

"तुमचे मुद्दे विचारार्ह आहेत," टाकळकर म्हणाले, "पण ड्राफ्ट बिल्कुल फर्स्ट क्लास आहे." मी कपाळाला हात लावला.

एक गोष्ट मात्र खरी. माणूस कितीही भाळला तरी सवय सुटत नाही. टाकळकरांनी पायपेटीची रीतसर फाइल उघडली, टॅग लावला आणि मेजरसाहेबांना पहिली क्वेरी पाठवली. शंका म्हणून नाही हो, फाइल पूर्ण असावी म्हणून! वाद्याचं वय किती? उत्तर आलं. स्वर किती? उत्तर आलं. बदलीच्या ऑर्डरची प्रत? तीही आली, गोल शिक्क्यासकट. मग चौथी क्वेरी गेली: बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याला सामान न्यायला सरकार ट्रकचा खर्च देतं, तर आपण पेटी विकता का? याला उत्तर आलं, 'सर जी, जल्दी कीजिए, दुसरा ग्राहक तयार आहे.' टाकळकरांनी शेरा मारला, 'उत्तर अपूर्ण', आणि स्मरणपत्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांनी कुरिअरची पावती पाठवली. पैशांआधीच पेटी पॅक झाली म्हणे. पावतीवरचा नंबर कुरिअरच्या खऱ्या साइटवर टाकला तर काही सापडत नव्हतं. मेजरने पाठवलेल्या लिंकवर मात्र पेटी थेट रूरकीपर्यंत आलेली दिसत होती. वजन लिहिलं होतं अकरा किलो, म्हणजे साध्या हातपेटीइतकं. टाकळकरांची पाचवी क्वेरी वजनावर गेली, आणि सोबत कंपनीच्या पत्रातला एक चुकलेला परिच्छेद क्रमांकही त्यांनी दुरुस्त करून पाठवला.

इकडे विजयाने खिडकीजवळची जागा रिकामी केली होती. टीव्ही आत नेला, टेप घेऊन भिंत मोजली, फरशी दोनदा पुसली. रोज संध्याकाळी विचारायची, "अहो, भरले का पैसे?" आणि रोज उत्तर यायचं, "उत्तर अपेक्षित आहे."

शनिवारी सकाळी तिचा बांध फुटला. मी तेव्हा तिथेच होते, कोथिंबीर मागायला गेले होते.

"एकतीस वर्षं!" ती म्हणाली. "तुमच्या क्वेऱ्यांच्या पायी माझा जन्म गेला. पैसे माझे आहेत, आता मी भरते."

"विजया, यार, थांब. मला हे लक्षण बरं दिसत नाही," मी म्हटलं.

"साधना, तू गप्प बस. तुला फ्रिज मिळाला, कूलर मिळाला, टेबल मिळालं. मला काय मिळालं?" मी कोथिंबीर निवडत बसले.

तिने फोनवर सगळं भरलं. पण बँकेत नंबर टाकळकरांचा, त्यामुळे ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला. टाकळकरांनी चष्मा शोधला, तो पुसला आणि मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. "यात लिहिलंय की हा कुणालाही सांगू नये. मग मी तुला सांगू शकतो का?" एवढ्यात मुदत संपली. दुसरा ओटीपी आला. "हा मघाच्यापेक्षा वेगळा का?" तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी विजयाने फोन हिसकावला आणि घाईत दोन आकडे उलटे टाकले. बँकेने खातं चोवीस तासांसाठी बंद केलं.

लगेच मेजरसाहेबांचा फोन आला. टाकळकरांनी स्पीकर लावला आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "सर, पेमेंट कल हो जाएगा. तब तक वजनवाली क्वेरी का उत्तर भेज दीजिए. और एक छठी क्वेरी भी है."

पलीकडे मेजरसाहेब फुटले. "अरे अंकल, पागल कर दिया यार! पाँच दिन से दिमाग खा रहे हो! पैसा देना है तो दो, नहीं तो भाड़ में जाओ! इतने में तो मैं दस लोगों का काम कर लेता!" आणखीही बरंच बोलला, ते लिहिण्यासारखं नाही. मग त्याने फोन आपटला. ॲपवरची पायपेटी दहा मिनिटांत गायब झाली, आणि कंपनीची वेबसाइटही.

"दस लोगों का काम," टाकळकर हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तो ड्राफ्टसुद्धा दहा जणांना तोच."

त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, एकोणीस जोडपत्रांसह. तिकडचा माणूस म्हणाला, इतने कागज तो हम भी नहीं रखते. सहावी क्वेरी काय होती, हे मी नंतर विचारलं. पेटी बघायला आपला माणूस कधी पाठवू, ही. मी म्हटलं, "भाऊजी, ही पहिली विचारायची असते हो."

विजया मात्र खिडकीजवळच्या रिकाम्या जागेत जमिनीवर बसून रडली. पैसे वाचले होते, एक रुपया गेला नव्हता. ती रडत होती ती पेटीसाठी, जी कधी नव्हतीच. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

टीव्ही परत बाहेर आला नाही. ती जागा तशीच राहिली आणि जाता-येता टाकळकरांच्या नजरेत येत राहिली. जूनमध्ये त्यांनी स्वतःच त्या ॲपवर एक जाहिरात शोधून काढली. फोटो अंधारा, पायपेटीच्या झाकणावर पापड वाळत घातलेले. खाली एवढंच: 'पायपेटी. येऊन बघावी. फोनवर किंमत विचारू नये.' पत्ता फरीदाबादचा.

रविवारी आम्ही तिघं मेट्रोने गेलो. दार चंद्रप्रभाबाई दामल्यांनी उघडलं. वय ब्याऐंशी, नवरा फरीदाबादच्या कारखान्यात होता, तोच पेटी वाजवायचा. आम्ही टेकतो न टेकतो तोच बाईंनी सुरू केलं. घर कितव्या मजल्यावर? भिंतीला ओल येते का? मांजर आहे? वाजवणार कोण? रोज, की पाहुणे आले की? टाकळकर खिशातून कागद काढतच होते. त्यांचा हात खिशातच राहिला. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी क्वेऱ्या घालत होतं, आणि ते शाळेतल्या मुलासारखे सरळ बसून एकेक उत्तर देत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी प्यायले.

"वाजव," चंद्रप्रभाबाई विजयाला म्हणाल्या.

विजया बसली. पायांना लय सापडेना, सूर मध्येच तुटला, पुन्हा तुटला. तिचे कान लाल झाले. मग पाय लयीला लागले, दोन्ही हात आपोआप पसरले, आणि खोलीभर सूर उभा राहिला. टाकळकरांनी बायकोला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी पदराने नाक पुसलं. "घेऊन जा. पण आज नाही, उद्या. आजचा दिवस राहू दे माझ्यापाशी."

विजयाने पिशवीतून फराळाचे सगळे पैसे काढून त्यांच्या हातात दिले. पावती नाही, कागद नाही, आणि पेटी त्यांच्याच घरात. मी टाकळकरांकडे बघितलं, आता क्वेरी येणार म्हणून. ते बाईंना वाकून नमस्कार करत होते.

परतताना मेट्रोत मला राहवेना. "भाऊजी, पूर्ण पैसे दिलेत. नाही दिली पेटी तर?"

"देतील," टाकळकर म्हणाले.

"कशावरून?"

"त्यांना विकायची घाई नव्हती," ते म्हणाले, आणि विजयाकडे सरकून बसले. ती मांडीवर, पिशवीवर, दोन्ही हातांची बोटं चालवत होती. गाडी गर्दीने भरली होती, तरी ते तिच्या बोटांना कुणाचा धक्का लागू नये म्हणून पूर्ण रस्ताभर हाताचं कुंपण करून बसले.