शैलाताई दळवींचा परवाना

रुग्णाने "डॉक्टर" म्हटलं की शैलाताई दळवी त्याला तिथंच थांबवायच्या. माणूस पोट धरून कळवळत असला तरी. "मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. फिजिशियन असिस्टंट. मी तपासणार, डॉक्टरांना सांगणार, ते ठरवणार. कळलं?" त्याने मान हलवली की मगच पोटाला हात लावायच्या.

ओमानमध्ये, अल् घुब्रातल्या एका खाजगी रुग्णालयात मी एक्स-रे काढायचो. मी दापोलीचा, त्या कुडाळच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा. आपल्याकडे चेन्नईत फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम नवा नवा सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या मुलींपैकी एक. हृदयाच्या शस्त्रक्रियांत अर्धं आयुष्य सर्जनसमोर उभी राहिलेली बाई.

चहाला बसलो की म्हणायच्या, "अरे कासिम, अमेरिकेत नौदलातले पोरगे जखमी सैनिकांची सेवा करून घरी परतले, तर त्यांना काम कोण देणार? आणि डॉक्टर तर कुठंच पुरेसे नाहीत. मग एका प्राध्यापकाने त्यांच्यातल्याच काहींना घेऊन शिकवलं. तिथून आमचं घराणं सुरू झालं. त्यांनाही लोक विचारायचे, तुम्ही नक्की कोण? मलाही तेच विचारतात. अजून!"

रुग्णालयाने त्यांना कागदावर 'कोऑर्डिनेटर' म्हणून घेतलं होतं. "परवान्याचा अर्ज केलाय मॅडम, इन्शाल्ला येईलच," असं मॅनेजर दर महिन्याला सांगे. तोवर त्या वॉर्ड सांभाळत, जखमा शिवत, आणि सर्जनसाहेब वेळेवर घरी जेवायला जात.

एके सकाळी मॅनेजर म्हणाला, "आज घरी थांबा. सरकारी तपासणी आहे."

"का? अर्ज केलाय ना?"

तो मोबाइलकडे बघत म्हणाला, "अजून नाही." अर्ज केलेलाच नव्हता.

शैलाताई घरी गेल्या नाहीत. तपासणीला आलेल्या ओमानी बाई वॉर्डात शिरल्या, तेव्हा शैलाताईच सरळ पुढे झाल्या. "मी इथं रुग्ण तपासते. माझ्याकडे परवाना नाही. अर्ज केलाय असं मला सांगितलं होतं, ते खोटं निघालं."

बाईंनी सर्जनना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "छे, या फक्त फाइली बघतात."

शैलाताई त्यांच्याकडे वळल्या. "साहेब, काल त्या सुताराचा हात कोणी शिवला?"

सर्जन पुढच्या खाटेकडे वळले. मी एक्स-रेचं फिरतं यंत्र घेऊन तिथंच होतो; माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या हातांवर या माणसाने नाव कमावलं, ते हात त्याने एका वाक्यात नाकारले.

रुग्णालयाला दंड झाला. शैलाताईंना मॅनेजर म्हणाला, "खलास. तुमचा व्हिसा रद्द करतोय." सर्जनना कोणी काही विचारलं नाही.

विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "सबूर करा शैलाताई, अल्ला बघतोय."

त्या उसळल्या. "सबूर नको सांगूस मला! सबूर करत बसले म्हणूनच त्यांचं फावलं. पहिल्याच महिन्यात अर्ज दाखवा म्हणायला हवं होतं." बॅग उचलून तशाच आत गेल्या.

थोड्याच दिवसांत त्याच शिक्षणाची एक मुलगी कोचीहून आली. पुन्हा 'कोऑर्डिनेटर' म्हणून. पहिल्याच दुपारी मी तिला कँटीनमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरकडे अर्ज बघायला मागितला.

त्याने मला बोलावलं. "तिला कोणी भडकवलं?"

"मी," मी म्हणालो. "आणि पुढची आली, तर तिलाही सांगणार."

ती नोकरी गेली. आता मी ओमानमध्येच, अल् हैलच्या एका दवाखान्यात काम करतो.