पसंतआप्पांचा तिसरा भाग

आप्पांना कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा बघावी लागत नसे. बैल असो, विहिरीची जागा असो, नवा तलाठी असो नाहीतर कुणाच्या लग्नाची मुलगी असो. मान तिरकी करून एकदा बघायचं, मिशीवरून बोट फिरवायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. ‘पसंत’ किंवा ‘नारळ द्या’. मधलं काही नाही. त्यामुळे खरं नाव सातबाऱ्यावर राहिलं आणि सगळं गाव त्यांना पसंतआप्पा म्हणायला लागलं, तेही तोंडावर. त्यांना राग नव्हता. नव्या माणसाला ते स्वतःच सांगायचे, “पसंतआप्पा म्हंजी मीच.”

मी शिरूरहून कासुर्डीजवळच्या त्या गावात शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा आप्पा शाळेच्या पायरीवर बसले होते. माझ्या हातात ट्रंक, काखेत वळकटी, एस.टी.नं सगळं अंग खिळखिळं झालेलं. त्यांनी मला खालून वर एकदा बघितलं.

“गुरुजी का?”

“हो.”

“पसंत.”

एवढंच बोलून ते गुलछडीला पाणी द्यायला निघून गेले. नंतर कळलं, आधीच्या गुरुजींना याच पायरीवर नारळ मिळाला होता आणि बिचारे सात महिन्यांत बदली करून घेऊन गेले. मला हसू आलं, पण खरं सांगतो, बरंही वाटलं. परक्या गावात पहिल्या दिवशी कुणीतरी पसंत म्हटलं की माणूस चार घास जास्त जेवतो.

बैल घ्यायचा झाला की लोक बाजारात आप्पांना घेऊन जात आणि मुलगी बघायची झाली तरी आप्पांनाच नेत. दोन्हीकडे त्यांची पद्धत एकच होती, हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही. शिकलेला होतो मी, पण खटकलं नाही, हे लिहून ठेवतो.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल, गावात सरकारी टीव्ही आला. शाळेच्या मोठ्या खोलीत सुतारानं त्याला दोन दारांचं लाकडी कपाट केलं, कपाटाला कुलूप आलं आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात आली. संध्याकाळी खोली भरून जायची. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे, पोरं पुढे तरटावर, आणि तरटाच्या कडेला आप्पा. छपराला बांधलेल्या उंच पाइपावर अँटेना होती. वारं सुटलं की ती फिरायची आणि पडद्यावर पांढरे ठिपके वळवळायला लागायचे. त्याला आम्ही ‘मुंग्या’ म्हणायचो. मुंग्या आल्या की आप्पा बसल्या जागेवरून ओरडायचे, “गेनू, फिरव!” आणि बाहेर पाइपाशी उभा असलेला गेनू गुरव ती पुण्याच्या दिशेला फिरवायचा.

कुठलाही नवा कार्यक्रम सुरू झाला की पहिला भाग संपताच सगळी खोली आप्पांकडे बघायची. एका कौटुंबिक नाटकाला त्यांनी तिथल्या तिथे उडवलं. “पहिल्याच भागात सासू रडली. म्हंजी फुडं तेरा भाग सून रडणार. नारळ द्या.” प्रश्नमंजूषेला मात्र पसंती मिळाली, का तर उत्तर चुकलेला माणूस ‘चुकलो’ म्हणून कबूल करतो. “असं माणूस गावात दाव मला,” असं वर. आप्पांनी नारळ दिला की पुढच्या आठवड्याला पुरुषांची बाजू निम्मी रिकामी. बाया बोटं मोडायच्या. एकदा सरपंचांच्या आईनं चारचौघांत सुनावलं, “आप्पा, भाकरीचा पहिला घास गिळायच्या आत चव सांगतूस व्हय रं?” आप्पा म्हणाले, “पिठाकडं बघूनच सांगतो, आक्का.”

अशा एका शुक्रवारी ती चित्रांची मालिका सुरू झाली. हलणाऱ्या चित्रांची. आधी कधी पाच मिनिटांची उंदीर-मांजराची पळापळ बघितली होती. पण हाताने काढलेली माणसं अर्धा तास गंभीरपणे वागताहेत, हे पहिल्यांदाच. जपानची की कुठली, ते निवेदिकेनं सांगितलं, पण तेव्हा पोरांचा गलका चालला होता. एक लहान मुलगी डोंगरातून टपाल घेऊन चाललेली. डोळे बशीएवढे, नाक नावाला. कमरेला एक घंटी. ती एक शब्द बोलत नव्हती, नुसती चालायची आणि दर चार पावलांना मागे वळून बघायची. पोरं चिडीचूप झाली. मलाही काहीतरी निराळं वाटत होतं, पण माझं मत विचारतंय कोण!

आणि बर्फ पडायला लागला.

आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आभाळातून पडतो, हे मी भूगोलात शिकवत होतो, पण तो पडताना कसा दिसतो हे मलाही ठाऊक नव्हतं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पांढरे ठिपके वळवळायला लागले, तसे आप्पा कडाडले, “मुंग्या आल्या! गेनू, फिरव!” गेनूनं फिरवली. मग खरोखरच्या मुंग्या आल्या. “आजून फिरव! उलटी!” गेनूनं उलटी फिरवली. चित्र गेलं, आवाज राहिला, त्यात नुसती घंटी वाजत होती. चित्र परत आलं तेव्हा भाग संपायला दोन मिनिटं होती आणि ती मुलगी अजून चालतच होती.

“नारळ द्या,” आप्पा उठत म्हणाले. “अर्धा तास चालती नुसती. बोलती न्हाई, हसती न्हाई. आन् सारखं मागं काय बघती? फुडं बघ की! घमेंडीत हाय पोरगी.”

त्याच रविवारी आप्पा माझ्यासाठी मुलगी बघायला दौंडला आले. माझे वडील नव्हते, आई शिरूरला दम्यानं बेजार, तेव्हा वडीलधारे म्हणून आप्पा. यवतहून पॅसेंजरनं गेलो. मुलीचे वडील रेल्वेत पॉइंट्समन, दोन खोल्यांचं क्वार्टर. मुलीचं नाव विमल. तिनं पोह्यांच्या बशा आणल्या, पाटावर बसली. आप्पांनी विचारलं, “शिवणकाम येतं का बाळ? शेवया येत्यात का?” ती ‘येतं’, ‘येतात’ एवढंच म्हणायची आणि आतल्या दाराकडे बघायची. तिचा चेहरा मला आवडला होता. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण गाडीत बसल्यावर लक्षात आलं होतं की टीव्हीच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात राहिली आहे. रविवारचा पिक्चर! गाव दाराशी बसलेलं असणार. परतीची गाडी चुकली तर माझी धडगत नव्हती.

“नंतर कळवतो,” म्हणून आम्ही निघालो. गाडीत आप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. “नारळ द्या, गुरुजी. आपण इचारतोय आन् ती दाराकडं बघती. घमेंडीत हाय.”

सोमवारी मी पोस्टकार्ड टाकलं. ‘योग दिसत नाही.’ सगळे तसंच लिहायचे. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज आला आणि मला उगाचच वाईट वाटलं. पण आप्पांनी एकदा नारळ दिला म्हणजे दिला. त्यांच्याविरुद्ध बोलायची माझ्यात धमक नव्हती, हे खरं कारण.

चित्रांच्या मालिकेच्या दुसऱ्या भागाला आप्पा आलेच नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी मात्र मालिकेनंतरच्या शेतीच्या कार्यक्रमात गुलछडीच्या रोगावर माहिती होती आणि त्यांच्या गुलछडीला तोच रोग पडला होता. जागा मिळावी म्हणून ते लवकर येऊन बसले, नाइलाजानं, भिंतीकडे तोंड करून. मुलगी चालत होती. बर्फ पडत होता. घंटी वाजत होती. एकाएकी ती थांबली, घंटी थांबली, आणि मागे बर्फात एक म्हातारा हात पुढे करून चाचपडायला लागला. तिचा आजा. आंधळा. तिच्या घंटीच्या आवाजामागे तो चालत होता, आणि तो मागे आहे ना, म्हणून ती वळून वळून बघत होती.

आप्पांचं तोंड कधी वळलं मला कळलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. “ह्यो म्हातारा कवा आला?” त्यांनी विचारलं.

तरटावरची एक पोर म्हणाली, “आप्पा, त्यो पहिल्यापासनं हाय. तुमी अँटेना फिरवून चित्र घालवलं तवाच आला असंल. दुसऱ्या भागात दिसला तवा तुमी न्हवता.”

सगळी खोली हसली. आप्पा हसले नाहीत. गुलछडीचा कार्यक्रम न बघताच ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते पायरीवर हजर. धोतर धुतलेलं, टोपी नवी. “गुरुजी, उद्या दौंडला जायचं.”

“आप्पा, आपण नकार कळवलाय. कार्ड कधीच पोचलं असेल.”

“पोचू द्या. ती पोरगी आतल्या दाराकडं का बघत हुती, ते आपण इचारलंच न्हाई.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आजवर मी किती घरी नारळ दिला असंल, गुरुजी? रातभर मोजत हुतो.”

नकार दिलेल्या घरी पुन्हा बघायला जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. विमलच्या वडिलांनी दार अर्धंच उघडलं. “पाव्हणं, पत्र मिळालं की आम्हाला.”

“मिळालं असंल. त्यातली चूक माझी हाय,” आप्पा म्हणाले. “बसू का?”

बसले. पोहे नाहीत, पाट नाही. आप्पांनी एकच विचारलं, “आत कोण हाय?” वडिलांचा चेहरा उतरला. ते काही जुळवून सांगणार, तेवढ्यात विमलच बाहेर आली.

“बाबा, मी सांगते. आत आई आहे. अर्धांग झालंय तिला, वाचा गेलीय. काही हवं असलं की हातातली बांगडी खाटेवर वाजवते. त्या दिवशी ती वाजवत होती, आणि तुम्ही मला शेवया येतात का विचारत होता.”

आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

मग ती माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही. मला कुणी विचारलं नाही, पण माझ्याकडून तुम्ही त्याच दिवशी नापसंत होता. पोहे संपेपर्यंत चार वेळा घड्याळ बघितलंत. म्हटलं, याला आत्ताच इतकी घाई, तर आईची बांगडी वाजल्यावर हा काय थांबणार! योग दिसत नाही म्हणून लिहिलंत ना? आता दिसायला लागला का?”

मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. टीव्ही, कपाट, रविवारचा पिक्चर, दाराशी बसलेलं गाव, सगळं अडखळत सांगितलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिनं किल्ली हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि परत दिली.

“बरं. पहिली खेप धरत नाही मी. ही दुसरी. अजून एकदा या. एकटे. घड्याळ न घालता.”

वडील म्हणाले, “विमे, असं कुठं असतं का?” आप्पा चटकन म्हणाले, “पोरगी म्हणती ते बराबर हाय.”

मी तिसऱ्यांदा गेलो. विमल चहा ठेवत होती आणि आत बांगडी वाजली. मी उठून आत गेलो. आईंना पाणी हवं होतं, ते पाजलं. बाहेर आलो तर विमल दारात उभी होती. त्या दिवशी चहात साखर जास्त पडली होती.

लग्न झालं. विमलबरोबर तिची आईही आमच्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. आप्पांनी मात्र त्यानंतर मुली बघायला जाणं सोडलं. लोक फारच मागे लागले तर सांगायचे, “मी येतो, पण तीन डाव यावं लागंल.” मग कोण नेतंय! टीव्हीवर नवं काही लागलं की खोली सवयीनं त्यांच्याकडे वळायची. “आप्पा, कसं हाय?” आप्पा मान हलवायचे. “आजून बघतोय.” काहीजण म्हणायचे, म्हातारा बिघडला. मला ते तेव्हा फार आवडायला लागले होते.

पुढे माझी बदली शिरूर तालुक्यात झाली. काही वर्षांनी निरोप आला की आप्पांचं खरं नाही. आम्ही दोघं गेलो. खाटेवर पार चिपाड झालेले, मोतीबिंदूनं डोळे गेलेले. विमल उशाशी बसली. त्यांनी तिचा हात चाचपून घेतला, बांगड्यांवरून बोटं फिरवली आणि ओळखलं.

“विमल, खरं सांग. पहिल्या दिशी मी तुला कसा वाटलो हुतो?”

“नापसंत,” ती म्हणाली.

आप्पा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. उबळ थांबल्यावर त्यांनी विचारलं, “आन् आता?”

विमलनं त्यांचा हात सोडला नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच ठेवून ती म्हणाली, “अजून बघतेय, आप्पा.”